मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय? नागपुरात पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी, तपासणीपासून नव्या चष्म्यापर्यंत

घरात कोणाला मोतीबिंदू निघाला की दोन दिवस सगळे नातेवाईक डॉक्टर होतात. कोणी म्हणतं पिकू द्या, कोणी म्हणतं उन्हाळ्यात करू नका, कोणी म्हणतं आजकाल लेझरने होते, काही टेन्शन नाही. माझ्या आईचे दोन्ही डोळे झाले, मग सासऱ्यांचे झाले, आणि तेव्हापासून ओळखीत कोणाचं ठरलं की फोन मलाच येतो, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या डोळ्याबद्दल तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं तर तेच ऐका. पण एक गोष्ट मी अगदी ठामपणे सांगते. ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांचं असतं आणि ते डॉक्टर करतात. त्याच्या आधी काय सांगायचं, काय विचारायचं आणि नंतर महिनाभर घरी काय करायचं हे सगळं आपल्याकडे असतं, आणि तिथेच लोक ढिलाई करतात.

१. आधी नक्की करा की मोतीबिंदूच आहे

आपल्या डोळ्यात बुबुळाच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. वय झालं की ते हळूहळू धुरकट होतं, तोच मोतीबिंदू. शुगर असेल, डोळ्याला कधी मार लागला असेल, किंवा स्टेरॉइडची औषधं खूप दिवस घेतली असतील तर लवकरही होतो. दुखत नाही, लाल होत नाही, म्हणून कळतच नाही. आईचं आम्हाला तुरीच्या डाळीवरून कळलं, डाळ निवडताना खडे सुटायला लागले आणि ती म्हणायची की ट्यूबलाईटच मंद झाली आहे. बाकी लक्षणं म्हणजे रात्री समोरच्या गाडीचा लाईट फुटून दिसणे, रंग पिवळट फिके वाटणे, चष्म्याचा नंबर सारखा बदलणे. आणि एक फसवं लक्षण आहे, काही लोकांना अचानक जवळचं चष्म्याशिवाय वाचता यायला लागतं, घरचे खूश होतात की नजर सुधारली, पण तो बहुतेक वेळा वाढणारा मोतीबिंदूच असतो.

याच्यासोबत एक नाव नेहमी गोंधळात टाकतं, ते म्हणजे काचबिंदू. तो वेगळा आजार आहे. त्यात डोळ्याची नस खराब होते, आणि गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूत गेलेली नजर ऑपरेशनने परत येते, जर मागचा पडदा आणि नस चांगली असेल तर. म्हणून पहिल्या तपासणीतच डोळ्याचं प्रेशर आणि पडदा दोन्ही बघितलं का ते विचारा, शुगरवाल्यांनी तर नक्कीच, कारण शुगरमुळे पडदा आधीच खराब असेल तर ऑपरेशन उत्तम होऊनही अपेक्षेइतकं दिसत नाही आणि मग उगाच डॉक्टरला दोष जातो.

या तपासणीला बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात. त्यानंतर तीन-चार तास, कधी जास्तही, जवळचं काही दिसत नाही आणि ऊन सहन होत नाही. त्यामुळे पेशंटने स्वतः गाडी चालवत जायचं नाही. सोबत कोणीतरी हवं, आणि काळा गॉगल किंवा टोपी न्या. बरेच डोळ्यांचे दवाखाने धंतोली-रामदासपेठेत आहेत आणि तिथे पार्किंगची काय हालत आहे ते सगळ्यांना माहीत आहे, काँग्रेस नगर किंवा रहाटे कॉलनीला मेट्रोने उतरून ऑटो केलेला बरा.

२. "पिकू द्या" हे ऐकू नका

आमच्याकडे एक काकाजी तपासणीच्या दिवशीच म्हणाले, "काहून घाई करून राहिले, पिकू द्या ना थोडा." हे जुन्या काळचं आहे, तेव्हा मोठा काप देऊन अख्खं भिंग बाहेर काढायचे, टाके पडायचे, कित्येक दिवस न हलता पडून राहायला लागायचं, म्हणून पूर्ण आंधळेपणा येईपर्यंत थांबायचे. आता उलट आहे. फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, तो फोडायला जास्त ताकद लागते, त्याने बुबुळाला सूज येते आणि बरं व्हायला वेळ लागतो. काही वेळा तर पिकलेला मोतीबिंदू फुगून किंवा गळून डोळ्यातलं प्रेशर एकदम वाढवतो, डोळा लाल, भयंकर दुखणं, उलट्या, आणि त्यात नजर कायमची जाऊ शकते.

पण मोतीबिंदू निघाला म्हणजे उद्याच ऑपरेशन असंही नाही. ज्या दिवशी रोजच्या कामात अडायला लागतं, पायरी चुकते, पेपर वाचता येत नाही, रात्री गाडी चालवायची भीती वाटते, त्या दिवशी करायचं. सुरुवातीचाच असेल तर डॉक्टर सहा महिन्यांनी दाखवा म्हणतात, ते बरोबरच आहे.

आणि थेंबांनी मोतीबिंदू जात नाही. कोणतेही थेंब असोत. मध, गुलाबजल, कांद्याचा रस, असलं काही डोळ्यात टाकू नका, त्याने जंतुसंसर्ग होतो आणि ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं.

ऋतूचं म्हणाल तर वर्षभर कधीही करतात. नवतपात ४५ डिग्रीत केलं तरी डोळ्याला फरक पडत नाही, घाम आणि धूळ यांची काळजी जास्त घ्यावी लागते इतकंच. मी मात्र होळीच्या किंवा तान्ह्या पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात तारीख घेऊ नका म्हणेन, घरात रंग, मारबतीच्या मिरवणुकीची गर्दी, पाहुणे आणि मुलं, यात पेशंटला जपणं कठीण जातं.

३. कुठे करायचं आणि पैशाचं काय

तीन रस्ते आहेत.

सरकारी. मेडिकल आणि मेयो, म्हणजे आपली दोन सरकारी मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं, आणि मिहानमधलं एम्स. सरकारी दवाखान्यात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली, जो १९७६ पासून चालू आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन लेन्ससकट मोफत होतं. तिथे गर्दी असते, सकाळी लवकर पोचावं लागतं, पेशंट एकटा सोडून चालत नाही कारण केस पेपर एकीकडे, रक्त तपासणी दुसरीकडे, असं फिरावं लागतं. पण रोज इतकी ऑपरेशनं करणारे हात तिथे आहेत, "सरकारीत काय डोळा द्यायचा" असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

ट्रस्टची हॉस्पिटलं आणि शिबिरं. गावाकडच्या लोकांना हे सोयीचं. काटोल, उमरेड, रामटेककडे शिबिरात तपासून पेशंटला गाडीने नागपूरला आणतात आणि परत सोडतात. आशाताईंना विचारलं तर पुढचं शिबिर कधी ते कळतं. शिबिरात जाताना इतकंच विचारा की ऑपरेशन नोंदणी असलेल्या हॉस्पिटलच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, होणार ना, आणि दुसऱ्या दिवशीची, आठवड्याची आणि महिन्याची तपासणी कोण कुठे करणार. तपासणीची सोय नसेल तर फुकट असलं तरी नको.

प्रायव्हेट. इथे खर्च मुख्यतः लेन्सवर ठरतो. एकाच ऑपरेशनचे चार-पाच पॅकेज दाखवतात आणि माणूस गोंधळतो, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

विमा असेल तर भरती व्हायच्या आधी तीन गोष्टी बघा. पहिली, मोतीबिंदूला बहुतेक पॉलिसीत वेटिंग पिरियड असतो, पॉलिसी नवीन असेल तर क्लेम मिळत नाही. दुसरी, एका डोळ्यामागे ठरावीक रक्कमच मिळते, पॉलिसी पाच लाखांची असली तरी. तिसरी, महागडी लेन्स घेतली तर वरचा फरक आपल्या खिशातून. २४ तास भरती राहायची अट याला लागत नाही, हे डे केअर धरतात. कॅशलेस असेल तर मंजुरी दोन दिवस आधीच मागवा, ऑपरेशनच्या सकाळी काउंटरवर फोनाफोनी करत बसू नका, पेशंट उपाशी आणि बीपी वाढलेलं असतं.

सत्तरच्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, ऑक्टोबर २०२४ पासून, वर्षाला पाच लाखांचं. त्याला आधार लागतं. राज्य सरकारची महात्मा फुले योजनाही आहे. पण कार्ड हातात आहे म्हणजे प्रत्येक हॉस्पिटलमध्ये प्रत्येक ऑपरेशन फुकट असं नसतं, हॉस्पिटल यादीत आहे का आणि मोतीबिंदू त्यांच्याकडे त्यात बसतो का हे आरोग्यमित्राच्या काउंटरवर जाऊन स्पष्ट विचारून घ्या. केंद्र सरकार, रेल्वे, वेकोलि, ईएसआयसीवाल्यांनी आपापल्या दवाखान्यातून रेफरल आधी घ्यायचं, नंतर मागितलं तर त्रास होतो.

४. ऑपरेशनचे प्रकार, थोडक्यात

दोन पद्धती चालतात. फेकोमध्ये दोन-तीन मिलिमीटरचा काप देऊन बारीक सुई आत घालतात, ती अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी मोतीबिंदू फोडते आणि ओढून घेते. हे लेझर नाही. सगळे त्याला लेझर म्हणतात, पण नाही. लेझरवालं वेगळं मशीन असतं, महाग असतं, आणि त्याशिवायही उत्तम ऑपरेशन होतं. फेकोची पद्धत अमेरिकेतल्या चार्ल्स केल्मन यांनी १९६७ मध्ये काढली. दुसरी एसआयसीएस, म्हणजे मोतीबिंदू मशीनने न फोडता हाताने बाहेर काढायची पद्धत, त्यात काप सहा-सात मिलिमीटरचा, पण तोही असा तिरका देतात की सहसा टाका लागत नाही. दोन्ही बिनटाक्याचीच. कडक पिकलेल्या मोतीबिंदूला डॉक्टर मुद्दाम दुसरी पद्धत सुचवतात, तेव्हा "आम्हाला जुनं करून राहिले का" असं वाटून घेऊ नका.

दोन्हीत भिंगाची बाहेरची पातळ पिशवी आत तशीच ठेवतात. संत्र्याच्या फोडीची साल समोरून गोल कापून आतला गर काढला आणि साल तशीच ठेवली तर कसं दिसेल, तसं. त्या रिकाम्या पिशवीत नवीन लेन्स बसवतात आणि ती जन्मभर तिथेच राहते, बदलायची नसते. अशी लेन्स पहिल्यांदा लंडनला हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये बसवली. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या काचेचे प्लास्टिकचे तुकडे घुसले होते आणि डोळ्याने ते वर्षानुवर्षं सहन केले, हे त्यांनी बघितलं होतं.

५. लेन्स निवडताना घाई नको

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून हा भाग नीट वाचा.

मोनोफोकल लेन्स एकाच अंतरावर स्पष्ट दाखवते. बहुतेक वेळा दूरचं सेट करतात, म्हणजे रस्ता, टीव्ही, माणसं छान दिसतात आणि वाचायला चष्मा लागतो. सरकारीत हीच बसवतात, प्रायव्हेटमध्येही बहुतेक लोक हीच घेतात, आणि पेशंटला वाचायला चष्मा लावायची हरकत नसेल तर माझ्या मते हीच पुरते.

टॉरिक लेन्स, ज्यांना सिलिंडरचा नंबर (चष्म्याच्या कागदावर CYL लिहिलेला असतो तो) जास्त आहे त्यांच्यासाठी. त्यांनी हिचा विचार जरूर करावा, खरा फरक पडतो.

मल्टिफोकल, म्हणजे दूर आणि जवळ दोन्ही. चष्म्याची गरज बरीच कमी होते, पण रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात आणि अंधुक उजेडात थोडं फिकं दिसतं. रात्री हायवेवर गाडी चालवणाऱ्यांनी, आणि ज्यांचा पडदा किंवा नस आधीच खराब आहे त्यांनी ही शक्यतो घेऊ नये. अजून एक मधली असते, दूर आणि मधलं अंतर, म्हणजे कॉम्प्युटर-स्वयंपाकाचा ओटा, हे चांगलं दिसतं आणि बारीक अक्षरांना चष्मा.

आता एक महत्त्वाची गोष्ट जी काउन्सेलर बऱ्याचदा स्वतःहून विचारत नाहीत. ज्यांना मायनस नंबर आहे आणि ज्यांनी आयुष्यभर चष्मा काढून पेपर वाचला आहे, त्यांना दूरची लेन्स बसवली की पहिल्यांदाच वाचायला चष्मा लागतो. माझ्या सासऱ्यांची सकाळ चष्मा कपाळावर सरकवून, पेपर नाकापाशी धरून सुरू व्हायची. डॉक्टरांना हे आधी सांगितलं, त्यांनी जवळची नजर राखून नंबर काढला, आता ते बाहेर जाताना चष्मा लावतात आणि पेपर तसाच वाचतात. तुमचा माणूस दिवसभर काय करतो, शिवणकाम, दुकानाचा हिशोब, पोथी वाचन, ड्रायव्हिंग, हे डॉक्टरांना बोलून दाखवा.

"इम्पोर्टेड की इंडियन" यावर फार डोकं लावू नका. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून देशात लेन्स बनवून त्या गरिबाला परवडतील अशा केल्या आणि त्या जगभर जातात. कोणी म्हणालं की आत्ता दहा मिनिटांत पॅकेज ठरवा नाहीतर तारीख जाईल, तर घरी विचार करून सांगतो म्हणा. मोतीबिंदूत दोन-चार दिवसांनी काही बिघडत नाही.

लेन्सचा नंबर काढायला डोळ्याची लांबी आणि बुबुळाची गोलाई मोजतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मोजणीच्या काही दिवस आधीपासून बंद ठेवावी लागते, किती दिवस ते विचारा. आधी कधी चष्मा घालवायचं लेझर केलं असेल तर ते सांगाच, नाहीतर नंबर चुकतो.

६. डॉक्टरला न विसरता काय काय सांगायचं

घरची सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या. नावं पाठ करून सांगण्यापेक्षा पाकिटं दाखवलेली बरी.

प्रोस्टेटचं औषध, विशेषतः टॅम्सुलोसिन. पुरुषांना रात्री लघवीला उठायचा त्रास असतो म्हणून ही गोळी चालू असते. डोळ्याशी काय संबंध म्हणून कोणी सांगत नाही, पण या गोळीने डोळ्यातली बाहुली ऑपरेशनच्या वेळी ढिली पडते आणि लहान होते. आधीच माहीत असेल तर सर्जन तयारीने जातो. पूर्वी घेत होतो आणि आता बंद आहे, तरी सांगा.

रक्त पातळ करायची गोळी. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे. मनाने बंद करू नका, हृदयाचा धोका डोळ्यापेक्षा मोठा असतो. चालू ठेवायची का, ते डोळ्याचे आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील.

याशिवाय शुगर, बीपी, दमा, औषधाची ॲलर्जी, सारखा खोकला, पाठीवर सरळ झोपता येत नसेल तर ते, कमी ऐकू येत असेल तर तेही. ओटीत चेहऱ्यावर कापड असतं आणि डॉक्टर बोलून सूचना देतात, ऐकू येत नसेल तर पेशंट घाबरतो आणि हलतो.

तपासण्या साधारण अशा: शुगर, बीपी, ईसीजी, रक्ताच्या काही चाचण्या ज्यात एचआयव्ही आणि कावीळ बी-सी येतात, आणि अश्रूची नळी मोकळी आहे का ते. दात किडून पू असेल, अंगावर फोड असेल, डोळे चिकटत असतील तर ते आधी बरं करून घ्यायचं, कारण तिथले जंतू डोळ्यात जाऊ शकतात.

७. सोबत न्यायची यादी

- आधार कार्ड, दोन झेरॉक्स, सोबतच्या माणसाचंही आधार
- योजनेचं किंवा विम्याचं कार्ड, पॉलिसीची प्रत, रेफरल असेल तर ते
- सगळे रिपोर्ट, जुनी फाईल, जुना चष्मा
- रोजच्या गोळ्या
- समोरून बटण असलेला शर्ट किंवा ब्लाउज, म्हणजे नंतर डोक्यावरून काढावा लागत नाही
- काळा गॉगल, स्वच्छ रुमाल
- घरी न्यायला गाडी, दुचाकी नको

आदल्या दिवशी डोक्यावरून आंघोळ करून घ्या, पुरुषांनी दाढीही, कारण नंतर काही दिवस जमणार नाही. काजळ, पावडर, नेलपॉलिश, कुंकू नको. दागिने घरीच ठेवा. कवळी असेल तर विचारा काढायची का. खायचं काय तेही विचारा, थेंबांनी भूल देणार असतील तर हलका नाश्ता बऱ्याच ठिकाणी चालतो, आणि शुगरच्या पेशंटला उगाच उपाशी ठेवलं तर चक्कर येते. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन त्या सकाळी घ्यायचं की नाही, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. बीपीची गोळी बहुतेक वेळा घोटभर पाण्यासोबत घ्यायला सांगतात.

गावाहून येत असाल तर त्या रात्री नागपुरातच राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी असते, एसटीचा धक्क्यांचा प्रवास दोनदा कशाला.

८. ऑपरेशनच्या दिवशी आत काय होतं

आईला सगळ्यात जास्त भीती ही होती की मधेच पापणी मिटली तर. हे सगळ्यांना वाटतं. पापण्या एका छोट्या क्लिपने उघड्या धरलेल्या असतात, मिटताच येत नाहीत, त्यामुळे ती काळजी सोडा.

आधी कोणता डोळा त्यावर खूण करतात. तुम्हीही स्वतःहून सांगा, "उजवा डोळा आहे", दोनदा सांगितलं तरी कोणी रागावत नाही. मग बाहुली मोठी करायचे थेंब थोड्या थोड्या वेळाने टाकतात, यात तासभर सहज जातो. भूल दोन प्रकारची, नुसत्या थेंबांची किंवा डोळ्याच्या बाजूला इंजेक्शनची. इंजेक्शन थोडं दुखतं, खोटं सांगणार नाही, पण क्षणभर. पूर्ण बेशुद्ध सहसा करत नाहीत.

ओटी थंड असते. चेहऱ्यावर कापड टाकतात, फक्त डोळा उघडा, नाकाशी हवेची नळी, बोटाला क्लिप. डोळा पिवळट-तपकिरी औषधाने धुतात. मग मायक्रोस्कोपचा झगझगीत उजेड, रंग हलताना दिसतात, पाणी कानाकडे वाहतं, मशीनचा बारीक आवाज येतो. सुई जवळ येताना दिसत नाही. दाबल्यासारखं वाटतं, दुखत नाही, आणि दुखलंच तर तोंडाने सांगा, हात उचलू नका. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं तर आधी बोला, डॉक्टर थांबतात. डोकं हलवायचं नाही, एवढं एकच काम पेशंटचं.

नंतर चहा-बिस्किट, तासा-दोन तासात घरी. निघायच्या आधी तीन गोष्टी हातात घ्या: थेंबांचं वेळापत्रक, रात्री-अपरात्री चालणारा फोन नंबर, आणि लेन्सचं स्टिकर लावलेलं कार्ड. स्टिकरशिवाय विम्याचा क्लेम अडकतो, आणि पुढे कधी डोळ्याचं काही निघालं तर आत कोणती लेन्स आहे ते त्यावरूनच कळतं.

९. घरी आल्यावर

पहिल्या दिवशी डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी येतं, थोडा लाल असतो. पट्टी किंवा प्लास्टिकची ढाल कधी काढायची ते डॉक्टर सांगतील. नजर कोणाची दुसऱ्या दिवशीच लख्ख, कोणाची चार-पाच दिवसांनी, कडक मोतीबिंदू असेल तर अजून उशिरा. शेजारणीला लगेच दिसलं आणि आपल्याला नाही म्हणून घाबरू नका. रंग एकदम उजळ आणि जरा निळसर दिसतात, आई दोन दिवस घरातल्या पांढऱ्या चादरींकडेच बघत होती.

थेंब टाकणं हे खरं काम आहे. साधारण महिनाभर चालतं, आधी दिवसातून जास्त वेळा, मग कमी कमी. पद्धत अशी:

हात साबणाने धुवा. पेशंटला पाठीवर झोपवा, वर बघायला सांगा. खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढा, त्या खाचेत एक थेंब. बाटलीचं तोंड पापणीला, केसाला, कशालाच लागू देऊ नका. डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर हलका दाबून धरा. दोन वेगळ्या थेंबांमध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. दुधाळ दिसणारी बाटली आधी हलवून घ्या. उघडलेली बाटली महिन्यानंतर फेका.

वेळापत्रक फ्रिजवर लावा आणि टाकलं की टिक करा, घरात दोन माणसं टाकत असतील तर हे नक्कीच, नाहीतर दोघांनाही वाटतं दुसऱ्याने टाकलं. आणि यात स्टेरॉइडचे थेंब असतात. ते मधेच बंद करायचे नाहीत, आणि संपल्यावर मेडिकल स्टोअरमधून मनाने आणून चालू ठेवायचेही नाहीत, त्याने डोळ्याचं प्रेशर वाढतं. उरलेली बाटली शेजाऱ्याच्या लाल डोळ्याला देऊ नका.

पाळायचं:

- आठवडा-दहा दिवस डोळ्यात नळाचं पाणी नको. मानेखालून आंघोळ, चेहरा ओल्या स्वच्छ कापडाने पुसायचा. केस धुवायचे तर मागे मान टाकून दुसऱ्याने धुवायचे.
- चोळायचा नाही. झोपेत हात जातो म्हणून रात्री ढाल लावायची, आणि ऑपरेशन झालेल्या कुशीवर झोपायचं नाही.
- भरलेली बादली, सिलिंडर, दळणाचा डबा उचलणं दोन-तीन आठवडे बंद. खाली वाकून झाडणं-पुसणंही.
- कूलरचा झोत तोंडावर घेऊ नका, त्यातून पाण्याचे तुषार आणि धूळ दोन्ही येतात. खाट बाजूला सरकवा.
- चुलीचा धूर, फोडणीचा ठसका, देवघरातली उदबत्ती यापासून थोडे दिवस लांब.
- बाहेर जाताना गॉगल. नातवंडांना जवळ घ्या, पण त्यांचं बोट डोळ्याकडे येतं, लक्ष ठेवा.

टीव्ही, मोबाईल, वाचन चालतं, त्याने लेन्स हलत नाही. खाण्याचं पथ्य जवळजवळ काहीच नाही. वांगं नको, आंबट नको, असं सांगणारे भेटतील, शुगरवाल्यांनी शुगर सांभाळावी आणि बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, कारण जोर लावणं नको, बाकी सगळं खा. सावजी आठवडाभर थांबू शकतं.

१०. यातलं काही झालं तर सकाळची वाट बघू नका

- दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय
- आलेली नजर पुन्हा कमी होतेय
- लाली वाढतेय, पापणी सुजतेय, पू किंवा चिकट स्राव येतोय
- अचानक खूप काळे ठिपके, विजेसारख्या चमका, किंवा एका बाजूने पडदा आल्यासारखं
- डोळा आणि डोकं खूप दुखून उलट्या

डोळ्याच्या आत संसर्ग होणं फारच क्वचित घडतं, पण झालं तर तासांचा हिशोब असतो. रात्रीचे दोन वाजले असतील तरी फोन करा, फोन लागला नाही तर हॉस्पिटल गाठा, तेही बंद असेल तर मेडिकल किंवा मेयोच्या अपघात विभागात जा. "सकाळी बघू, डॉक्टरांना कशाला त्रास" असं म्हातारी माणसं नेहमी म्हणतात, त्यांचं या बाबतीत ऐकायचं नाही. स्वतःहून वेदनेची गोळी देऊन झोपवूही नका.

११. चष्मा, दुसरा डोळा आणि पुढचं

नवीन चष्म्याचा नंबर साधारण चार ते सहा आठवड्यांनी काढतात, जखम भरून नंबर स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. त्याआधी घाईने महागडा चष्मा बनवू नका. मधल्या काळात जुना चष्मा चालत नाही आणि दोन डोळ्यांत फरक असतो, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकतो, चहा ओतताना कपाबाहेर जातो, जिन्यात पाय चुकतो. तेवढे दिवस जिन्यावर हात धरा आणि रात्री बाथरूमचा लाईट चालू ठेवा. गाडी डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही.

दुसरा डोळा बहुतेक काही आठवड्यांच्या अंतराने करतात. पहिला पूर्ण सावरला, तपासणी ठीक आली, मग. पहिल्याने दिसायला लागलं की लोक दुसरा वर्षानुवर्षं टाळतात आणि तो पिकून कडक होतो, तसं करू नका.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुरकट वाटायला लागलं तर "मोतीबिंदू परत आला" म्हणून घाबरू नका. तो परत येत नाही. जी पिशवी आत ठेवली होती तिच्या मागच्या भागावर जाळी येते, काहींना येते, काहींना नाही. त्याला याग लेझर करतात, ओपीडीतच बसून, काही मिनिटांचं, ना सुई ना काप ना पट्टी. हे मात्र खरंच लेझर असतं. त्यासाठी जाताना ती जुनी फाईल आणि लेन्सचं कार्ड सोबत घ्या, आणि शुगर असेल तर त्याच दिवशी पडदाही बघून घ्या, वर्षातून एकदा तो बघायचाच असतो.